डबल बेल

“सिंगल बेल,” सर्जेराव म्हणाले. “अंगठा. अंगठ्याला मुंग्या आल्या.”

“थांबलो,” पडद्यापलीकडून डॉक्टर उपाध्येंचा आवाज आला. “सात नंबर द्या.”

सिस्टरनं चिमट्यात धरून नखापेक्षाही लहान कागदाचा तुकडा पुढे केला. सातचा आकडा छापलेली ती चिठ्ठी डॉक्टरांनी सर्जेरावांच्या मेंदूवर ठेवली. मेंदूच्या ओलसर पृष्ठभागावर ती आपोआप चिकटली. हिरव्या पडद्याच्या त्या बाजूला कवटीचा एक चौकोन उघडलेला होता आणि या बाजूला, बुटक्या स्टुलावर, मी सर्जेरावांच्या तोंडासमोर बसले होते. त्यांची मान उजवीकडे, माझ्याकडे वळवलेली होती आणि डोकं तीन खिळ्यांच्या लोखंडी चापात घट्ट होतं. ते पूर्ण जागे होते.

मेंदूला स्वतःला दुखत नाही. कातडीला इंजेक्शनं देऊन बधिर केलं की माणसाला जागं ठेवून त्याच्या मेंदूवर काम करता येतं. डॉक्टर पेनासारख्या उपकरणानं एकेका जागी हलकासा करंट द्यायचे. हालचालीच्या पट्टीवर टोक टेकलं की हात आपोआप उडायचा, ते मला दिसायचं. पण त्या पट्टीच्या मागे, एका घळीपलीकडे, स्पर्शाची पट्टी असते. तिथं टोक टेकलं की बाहेर काहीच दिसत नाही. जाणवतं ते फक्त त्या माणसाला. त्यानं सांगितलं तरच आपल्याला कळतं.

“मॅडम, आतली सगळी वायरिंग दिसती का वो डॉक्टरास्नी?” सर्जेरावांनी विचारलं.

“नाही ना दिसत. म्हणून तर तुम्हाला विचारतोय.”

“म्हंजे घरमालकालाच इचारून भिंत पाडायचं काम चाललंय.”

पलीकडे सिस्टर हसली. डॉक्टर मोमीन, आमच्या भूलतज्ज्ञ, त्याही हसल्या आणि म्हणाल्या, “सर्जेराव, बोला, पण हलू नका.”

“हलायला तुम्ही डोस्कं कुठं मोकळं सोडलंय?”

सर्जेराव खरमाटे विट्याच्या बाजूचे, एसटीत कंडक्टर. वय चाळिशीच्या जरा पुढे. गाडीत तिकिटाचं मशीन हातातून दोनदा निसटलं आणि तिसऱ्या वेळी उजवा हात सगळ्या प्रवाशांदेखत झटके द्यायला लागला, तेव्हा त्यांना आमच्याकडे आणलं होतं. गाठ डाव्या बाजूला होती, बोटांच्या स्पर्शाची जागा जिथं असते नेमकी तिथं, आणि तिथून आत खोल उतरलेली.

आदल्या दिवशी मीच त्यांची तयारी करून घेतली होती. मी तेव्हा एम.एस्सी. होऊन नुकतीच नोकरीला लागले होते. मेंदूचे नकाशे पुस्तकात पाहिलेले, जिवंत माणसाला विचारून ते काढायचं काम नवीन. मी त्यांना सांगितलं, की जाणवलं तर ‘थांबा’ म्हणायचं आणि कुठं ते सांगायचं. काही जाणवलं नाही तर ‘नाही’ म्हणायचं.

“एवढं कशाला?” ते म्हणाले होते. “थांबायचं असलं तर सिंगल बेल, जाऊ द्यायचं असलं तर डबल बेल. आख्खी नोकरी तेच केलंय. झोपंतसुदिक चुकायचं न्हाई.”

त्यांच्या बायकोनं, शालनताईंनी, पदर तोंडाला लावून हसू दाबलं. “घरातबी तेच. भाजी वाढाय लागलं की म्हणत्यात सिंगल बेल.”

मला ते आवडलं. मी डॉक्टरांना सांगितलं आणि तेच शब्द ठरले.

तयारी संपली तेव्हा शालनताई पाण्याची बाटली भरायला गेल्या होत्या. सर्जेरावांनी मला थांबवलं.

“मॅडम, मी सिंगल बेल म्हटलं की डॉक्टर काय करणार?”

“तिथं नंबराची चिठ्ठी ठेवतील. म्हणजे ती जागा कामाची. तिला हात लावायचा नाही.”

“आणि डबल बेल म्हटलं तर?”

“लगेच नाही कापत. तीच जागा मधे दुसरीकडे जाऊन तीनदा तपासतात. तिन्ही वेळा काही जाणवलं नाही, तरच ती मोकळी धरतात.”

“आणि कामाच्या जागेतच गाठ असली तर?”

“तर तेवढी राहू देतील.”

“राहू देतील,” ते म्हणाले. मग थोडा वेळ त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, उलटा करून, सुलटा करून. “बरं झालं इचारलं.”

त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं मी बरोबर उत्तर दिलं होतं. पण एक गोष्ट त्यांना कुणीच सांगितलेली नव्हती.

त्यांचे थोरले भाऊ जालिंदरराव त्याच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांच्या केबिनमध्ये येऊन बसले होते. मीही तिथंच होते, स्कॅन लावत. त्यांनी आधी दार लागलंय का ते पाहिलं.

“डॉक्टरसाहेब, त्याला क्यान्सर ह्यो शब्द सांगू नका. खचंल तो. नुसती गाठ हाय, काढली की संपलं, एवढंच सांगा.”

“जालिंदरराव, ही पूर्ण निघणार नाही,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी पेनाच्या टोकानं दाखवलं. “हा भाग मधली हद्द ओलांडून उजवीकडे चाललाय. तिथं कुणीच हात घालत नाही. निघेल तेवढी काढू. हात मात्र वाचवायचा. जेवढे दिवस आहेत तेवढे स्वतःच्या हातानं जेवता यावं, शर्टाची बटणं लावता यावीत.”

“किती दिवस?”

“वर्ष. फार तर थोडं जास्त.”

जालिंदररावांनी स्कॅनकडे पाठ केली. मग म्हणाले, “तर मग अजाबात सांगू नका. शालनलापण नको. तिच्या तोंडाकडं बघून त्याला कळंल. पोरगी दहावीला हाय त्यांची.”

डॉक्टर उपाध्ये एरवी ऐकत नसत. पेशंटला खरं सांगायचं, हा त्यांचा नेम होता आणि त्यासाठी त्यांनी नातेवाइकांची बोलणीही खाल्ली होती. पण ही शस्त्रक्रिया जागेपणी व्हायची होती. भाऊ गेल्यावर ते मला म्हणाले, “घाबरलेला माणूस टेबलावर उत्तरं देत नाही. राहू दे. नंतर बघू.”

मलाही ते पटलं होतं.

तर सात नंबर ठेवून झाला. त्याच्या शेजारी आठ ठेवला, तोही अंगठ्याचाच. मग डॉक्टर गाठीच्या दिशेनं सरकले.

“आता?”

“डबल बेल,” सर्जेराव म्हणाले.

“इथं?”

“डबल बेल. जाऊ द्या.”

“नवल आहे,” डॉक्टर म्हणाले. “अंगठ्याच्या शेजारी पहिलं बोट, मग मधलं, असा क्रम असतो. इथं बोटं असायला हवीत.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “गाठीनं बाजूला ढकलली असतील.”

तसं होतंही. गाठ हळूहळू वाढली तर मेंदूची कामं शेजारी सरकतात. मी वाचलेलं होतं.

पण मी सर्जेरावांचा चेहरा पाहत होते. माझं कामच ते होतं. अंगठ्याच्या वेळी त्यांना उत्तर द्यायला किंचित वेळ लागत होता. डोळे कुठंतरी लावून ते आत शोधायचे, मग सांगायचे. आता ‘डबल बेल’ करंटच्या जोडीलाच येत होतं. आणि एकदा, करंट चालू असताना, त्यांची खालची पापणी थरथरली.

“सर, परत एकदा घ्याल का?” मी म्हणाले.

“घेतो.”

“डबल बेल,” सर्जेराव म्हणाले आणि माझ्याकडे पाहून हसले. “काय मॅडम, तिकीट चेकर झालाय व्हय?”

डॉक्टरांनी मग आमची नेहमीची चाचणी लावली. ‘आता?’ असं विचारायचं, पण करंट द्यायचाच नाही. काही पेशंट भीतीनं किंवा डॉक्टरांचं मन राखायला उगीच ‘जाणवलं’ म्हणतात. रिकाम्या प्रश्नावर ते पकडले जातात. सर्जेराव रिकाम्या प्रश्नाला ‘डबल बेल’ म्हणाले. बरोबर होतं. करंट दिला, तेव्हाही ‘डबल बेल’ म्हणाले. खोटा होकार पकडायची रीत आमच्याकडे होती. खोटा नकार पकडायची नव्हती, कारण असा नकार कुणी कशाला देईल, हे कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. आता मनगटाला वायर लावून बोटांचा संदेश मेंदूवर कुठं उतरतो ते यंत्रावर पाहता येतं, पेशंटच्या शब्दावर सगळं सोडावं लागत नाही. तेव्हा आमच्या हॉस्पिटलात ते यंत्र नव्हतं.

ती सगळी जागा तिन्ही वेळा तपासून झाली. तिन्ही वेळा डबल बेल.

“ठीक,” डॉक्टर म्हणाले. “मोकळी आहे. काढू या.”

सक्शनचा आवाज सुरू झाला. माझं काम आता वेगळं होतं. सर्जेरावांना सतत मूठ उघडायला-मिटायला लावायचं आणि बोलतं ठेवायचं.

“मुलीचं नाव काय?”

“सानिका. लई बडबडी. बापावर गेलीया.”

“पुढे काय करायचं म्हणते?”

“म्हणती, पप्पा, मी कलेक्टर हुणार आणि तुमची गाडी थांबवून तिकीट मागणार.” ते हसले. “तवर आपुन ड्यूटीवर पायजे न्हवं.”

मूठ उघडत होती, मिटत होती. बराच वेळ. मग मला दिसलं, की मूठ मिटताना मधलं बोट बाहेरच राहतंय आणि सर्जेरावांना त्याचा पत्ता नाही. ते पूर्ण मिटली असं समजून पुन्हा उघडत होते.

“सर, हात चुकतोय.”

आवाज ताबडतोब थांबला. “शक्ती?”

“शक्ती आहे. पण बोटं कुठं आहेत ते त्यांना कळत नाहीये.”

आतला झटका असेल तर शमावा म्हणून डॉक्टरांनी गार सलाईन सोडलं, वाट पाहिली, पुन्हा मूठ करायला लावली. तेच.

“बास,” ते म्हणाले. “इथंच थांबू.”

“का थांबताय?” सर्जेरावांनी विचारलं. आवाजात पहिल्यांदाच विनोद नव्हता. “ऱ्हायली असंल तर घ्या की, साहेब. मी म्हटलंय का सिंगल बेल?”

“झालं आता, सर्जेराव. तुम्ही फार चांगलं काम केलंत.”

“सगळी निघाली?”

पडद्याच्या कडेशी डॉक्टरांनी हातमोज्यातली बोटं एकदा मिटली. “जेवढी काढायची तेवढी काढली,” ते म्हणाले.

सूज असते, महिनाभरात हात सुधारेल, असं आम्ही जालिंदररावांना सांगितलं. तसं बऱ्याचदा होतं. दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये मात्र बोटांची पट्टी जिथं असते ती जागा स्वच्छ रिकामी दिसत होती. सुजायला तिथं काही उरलेलंच नव्हतं. आजूबाजूच्या सुजेनं अंगठा, तळहात आणि खांद्यापर्यंतचा हातही सध्या बधिर होता. आणि आत, खोलवर, हद्दीपलीकडे गेलेला भाग होता तसाच होता.

मी वॉर्डात गेले तेव्हा सर्जेराव डोक्याला पागोट्याएवढं बँडेज बांधून बसले होते. डाव्या हातानं केळ सोलायचा प्रयत्न चालला होता, दातांची मदत घेऊन. शालनताई खाली चहा आणायला गेल्या होत्या.

“या चेकर मॅडम,” ते म्हणाले. मी केळ सोलून दिलं. त्यांनी दाराकडे नजर टाकली. “एक सांगू? कुणाला बोलणार नसला तर.”

“सांगा.”

“तुम्ही पकडलंच हुतं मला. मला जाणवत हुतं. चांगलं जाणवत हुतं. हितं, हितं, हितं.” डाव्या हातानं त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं एकेक करून दाखवली. “इजंवानी मुंग्या. डोळ्यांत पाणी यायचं बाकी ऱ्हायलं. तरीपण म्हटलं, डबल बेल.”

“का पण?”

“तुमीच न्हाई का सांगितलं? जिथं थांबा म्हणंन तिथली राहणार म्हणून.” ते खूश होते. डाव सांगणाऱ्या माणसासारखे खूश. “हरळी बघितलीया का कधी शेतात? एवढं पेर ऱ्हायलं तरी पुन्ना सगळं रान खाती. ती मुळासकट काढाय लागती. हाताचं काय, डावा हाय की. हात गेला तर डेपोत हलकी ड्यूटी मागता येती. माणूसच गेला तर कोण हलकी ड्यूटी देणार?” मग आवाज उतरवून म्हणाले, “सानिकाचं सगळं व्हायचंय अजून. धा-पंधरा वर्षं तर पायजेत मला. त्येच्या बदल्यात तीन बोटं म्हंजे काय लई न्हवं.”

“सर्जेराव…”

“शालनला तेवढं सांगू नका. तिला म्हटलंय, सूज हाय, हात येणार. आपल्या हातानं घालवला म्हटल्यावर रडत बसंल.”

मी त्यांच्या खोलीतून सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. हे डॉक्टरांपासून ठेवण्यासारखं नव्हतं.

“त्यांना जाणवत होतं, सर. तिन्ही वेळा. मुद्दाम नाही म्हणाले. सगळी निघावी म्हणून.”

डॉक्टर उपाध्ये उभे होते ते खुर्चीत बसले. स्कॅन अजून दिव्याच्या काचेवर लावलेलाच होता. त्यांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“ही पट्टी मी सोडायलाच निघालो होतो,” ते म्हणाले. “सोडली असती तरी दिवस तेवढेच होते.” त्यांचं बोट आत, खोल भागाकडे सरकलं. “जे मारणार आहे ते इथं आहे.”

“त्यांना सांगायचं?”

“काय सांगू? तुमचा हात फुकट गेला?”

त्यांनी स्कॅनमागचा दिवा बंद केला. मग ते म्हणाले, “त्या दिवशी मी भावाचं ऐकलं नसतं, तर हा माणूस सिंगल बेल म्हणाला असता, केतकी.”

तेवढ्यात जालिंदरराव दारात आले. डिस्चार्ज कधी मिळेल, गाडी सांगायची होती. जाताजाता त्यांनी मला बाजूला घेतलं. “मॅडम, तो तुम्हाला मानतो. इचारलं तर सांगा, सगळी निघाली म्हणून. तुम्ही सांगितल्यावर त्याचा इश्वास बसंल.”

सर्जेरावांनी मला ते कधी विचारलंच नाही. त्यांना खात्री होती. रेडिएशन कशाला, असं विचारल्यावर भावानं ‘परत होऊ नये म्हणून’ असं सांगितलं आणि त्यांनी मान डोलावली. पुढच्या उन्हाळ्यात जालिंदररावांचा फोन आला, सर्जेराव गेले म्हणून. सानिकाचा निकाल लागायचा होता अजून.

पण मला राहून राहून आठवते ती त्यांनी मला गुपित सांगितलं त्याच दिवसाची दुपार. डिस्चार्जच्या कागदांवर हाताची स्थिती लिहायची होती, म्हणून मी पुन्हा वॉर्डात गेले. शालनताई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, सर्जेरावांच्या उजव्या बाजूला. त्यांनी त्यांचे केस, बँडेजमधून दिसत होते तेवढे, ओल्या फडक्यानं पुसून काढले होते.

“एक छोटी तपासणी आहे,” मी म्हणाले. “डोळे मिटायचे. मी एकेका बोटाला स्पर्श करेन, कुठलं ते सांगायचं. नाही कळलं तर नाही म्हणायचं.”

“आता खरंच सांगायचं व्हय?” सर्जेराव म्हणाले आणि मला डोळा मारला.

“खरंच.”

“येतंय की हळूहळू,” ते बायकोला म्हणाले. “कालच्यापरीस आज लई बरं वाटतंय.” आणि त्यांनी डोळे मिटले.

मी कापसाचा बोळा घ्यायला ट्रेकडे वळले. वळून पाहते तो शालनताईंनी त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. चाचणीची भीती वाटत असेल, धीर द्यायचा असेल. त्यांनी तो घट्ट धरला होता, इतका, की त्यांची नखं पांढरी पडली होती. मग त्यांनी तो उचलून आपल्या गालाला लावला. सर्जेरावांचा चेहरा तसाच होता, शांत, जरा वर केलेला, शाळेतल्या मुलासारखा तयार.

शालनताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग हाताकडे. मग माझ्याकडे.

मी बोळा घेऊन उभी होते. लावायला एकही बोट मोकळं नव्हतं.

“करा की सुरू, मॅडम,” सर्जेराव डोळे मिटूनच म्हणाले. “कुणाची वाट बघताय?”